नारळाच्या शेंड्याखालचे गाव

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय 'सानूर: बालीतील एक शांत उपनगर' असा छापला आहे. हे गाव शांत कसे राहिले याची कारणे मी सांगेन, असे त्याखाली एका ओळीत जाहीरही झालेले आहे. ती कारणे मी सांगणारच आहे. परंतु मी सानूरला गेले ती एका दगडी खांबाच्या ओढीने, आणि त्या खांबापाशी थांबल्याशिवाय पुढचे मला नीट सांगता येणार नाही. म्हणून त्या वाटेपासूनच सुरुवात करते.

वाटेतला पहिला अडथळा एका सहल कंपनीच्या कार्यालयात भेटला. बालीचा कार्यक्रम ठरवायला मी तिथे गेले होते आणि माझ्या कागदावर 'सानूर, पाच रात्री' असे लिहिले होते. समोरच्या गृहस्थांनी अतिशय अदबीने पेन उचलले, सानूरवर काट मारली आणि वर 'कुता' असे लिहिले. "मॅडम, सानूरला बघण्यासारखं काही नाही. तिथं वयस्कर मंडळी उतरतात, रात्री लवकर सगळं सामसूम होतं. कुताला राहा, सगळं हाताशी पडेल." मी म्हणाले, तिथे एक हजाराहून अधिक वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "शिलालेख आपल्या यादीत नाही."

या प्रसंगाला आता बरीच वर्षे झाली, तरी तो माझ्या मनातून गेलेला नाही. त्या गृहस्थांचा दोष नव्हता. त्यांना यादी दिली गेली होती आणि ते यादी वाचत होते. मला लागले ते एवढेच, की ज्या गावात विकायला फारसे काही नाही, त्या गावात पाहायलाही काही नाही, असे गणित आपण सर्वांनी मुकाट्याने मान्य केले आहे. इंग्रजी बोलणारे प्रवासी सानूरच्या नावावर कोटी करून त्याला 'स्नोअर', म्हणजे घोरणारे गाव, म्हणतात. थट्टा म्हणून ती ठीक आहे. परंतु ज्या किनाऱ्यावर बालीच्या इतिहासातील मोठमोठ्या घटना उतरल्या, त्याला झोपाळू म्हणून पुढे जाणे हा त्या किनाऱ्यावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. माझा आजचा मुद्दा असा आहे की सानूरची शांतता आयती मिळालेली नाही. थोडी निसर्गाने दिली, बरीचशी माणसांनी राखली, आणि ती राखण्याची किंमतही मोजली.

आधी जागा समजून घेऊ. बाली बेटाचा दक्षिण भाग चिंचोळा होत जातो आणि त्याच्या टोकाला बुकित नावाचे चुनखडीचे पठार लोंबते. त्या चिंचोळ्या मानेच्या पश्चिमेला कुता, लेगियान, सेमिन्याक ही सलग वस्ती, शेजारीच विमानतळ. आणि पूर्वेला सानूर. राजधानी देनपसार या दोहोंच्या मध्ये, किंचित उत्तरेला. सानूर हे देनपसार शहराच्याच हद्दीतले उपनगर आहे, तर कुता बडुंग जिल्ह्यात मोडते. एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जायला गाडीने अंतर फार नाही, वेळ मात्र रहदारीच्या मनावर असतो. कुताचे तोंड पश्चिमेला, हिंदी महासागराकडे. महासागराच्या लाटा तिथे थेट वाळूवर येऊन फुटतात, म्हणून लाटांवर फळी घेऊन खेळणारे तिथे आले, त्यांच्यामागून बाकीचे आले. संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडतो तो कुतासमोर, आणि दिवसभर हिंडलेल्या माणसाला मावळतीनंतरचाच कार्यक्रम हवा असतो. सानूरचे तोंड पूर्वेला. इथे सूर्य उगवतो. उगवता सूर्य पाहायचा तर पहाटे उठावे लागते आणि पहाटे उठणारा माणूस रात्री जागत नाही. दोन गावांच्या स्वभावातला निम्मा फरक मला या दिशेतच दिसतो.

उरलेला फरक प्रवाळाचा आहे. सानूरच्या किनाऱ्याला समांतर, काही शे मीटर आत, प्रवाळाची एक लांब पट्टी आहे. बाहेरून आलेली लाट त्या पट्टीवर फुटते आणि आतल्या बाजूला पाणी तळ्यासारखे राहते. ओहोटीच्या वेळी मी किनाऱ्यावर उभी होते तेव्हा दूरवर पांढऱ्या फेसाची एक रेघ दिसत होती आणि तिथला आवाज, पिंपात पाणी ओतावे तसा घुमत, वाऱ्याबरोबर येत होता. अलीकडे मात्र घोट्याएवढे पाणी. त्यात जुकुंग, म्हणजे दोन्ही बाजूंना बांबूचे आडवे हात लावलेल्या अरुंद होड्या, वाळूत कलल्या होत्या. टोपी घातलेला एक माणूस कमरेएवढ्या पाण्यात गळ धरून इतका स्तब्ध उभा होता, की मी आधी तो खांबच समजले. त्याच्या पाठीला लहानशी टोपली बांधलेली होती. अर्ध्या तासात त्याने दोनदा हात मागे नेला, दोन्ही वेळा बोटभर मासा टोपलीत पडला, आणि त्याचे पाय मात्र जागचे हलले नाहीत.

थोडे विषयांतर करते, कारण या सभागृहात भाषेची आवड असलेली मंडळी बसली आहेत. सानूरच्या किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत जाताना जी नावे लागतात ती कानाला ओळखीची वाटतात. 'सेगारा' म्हणजे आपला सागर. 'सिंधू' हे तर जसेच्या तसे. त्या नावाचा किनारा आहे आणि त्याच नावाचा बाजारही आहे. दक्षिणेला 'मेर्तासारी' आहे, त्यातले 'मेर्ता' हे अमृताचे घासून गुळगुळीत झालेले रूप. एका किनाऱ्याचे नाव मात्र 'मातहारी तेरबित' आहे आणि ते मलय वळणाचे: दिवसाचा डोळा उगवला, म्हणजेच सूर्योदय. रस्त्यांना तळ्यांची नावे दिली आहेत, दानाऊ तांब्लिंगान, दानाऊ तोबा, दानाऊ पोसो. दानाऊ म्हणजे तळे. समुद्रकाठच्या गावाने आपल्या गल्ल्यांना डोंगरातल्या गोड्या पाण्याची नावे द्यावीत, हे मला फार आवडले.

आता त्या खांबाकडे येते. दक्षिण सानूरमध्ये ब्लांजोंग नावाचे एक मंदिर आहे. मोठ्या रस्त्यावरून आत वळले की घरांच्या मध्ये ते येते, आणि मागच्या बाजूला एका छपराखाली, काचेच्या आड, जमिनीच्या पातळीपेक्षा खाली उभा असा हा खांब. उंची सुमारे पावणेदोन मीटर, जाडी माणसाने दोन्ही हातांनी कवेत घ्यावा एवढी. अंगाला वस्त्र गुंडाळलेले, पायाशी त्याच दिवशी वाहिलेली नारळाच्या पानांची छोटी टोपली, तिच्यात फुले आणि भात. विद्वानांच्या लक्षात हा खांब आला १९३२ मध्ये. गावाला तो त्याआधीही ठाऊक होताच. गावाने त्याला देव म्हणून सांभाळले होते.

या खांबावर दोन भाषा आणि दोन लिप्या आहेत, आणि त्या मोठ्या मजेशीर रीतीने एकमेकींत गुंफलेल्या आहेत. एका बाजूला भाषा आहे जुनी बाली, पण लिपी आहे नागरी. आपल्या देवनागरीच्या आधीची. दुसऱ्या बाजूला भाषा आहे संस्कृत, पण ती कोरली आहे त्या बेटांच्या जुन्या लिपीत. घरची भाषा पाहुण्या लिपीत आणि पाहुणी भाषा घरच्या लिपीत. ज्याने हे ठरवले त्याच्या मनात काय होते हे सांगणारा कोणी उरलेला नाही. मला मात्र तिथे उभे असताना असे वाटले, की दोन्हींचा सारखा मान राखण्याची ही एक पद्धत असावी. लेख आहे श्री केसरी वर्मदेव या राजाचा. शत्रूवर मिळवलेल्या विजयाची ही नोंद आहे आणि तीत बेटाचे नाव 'वालिद्वीप' असे आले आहे.

लेखाचा काळ शब्दांत दिला आहे: शर, वह्नि, मूर्ति. शर म्हणजे बाण, मदनाचे पाच. वह्नि म्हणजे अग्नी, ते तीन. मूर्ति म्हणजे शिवाच्या आठ. अंकांची गती डावीकडे, म्हणून उलट वाचायचे: आठ, तीन, पाच. शके ८३५, महिना फाल्गुन. म्हणजे इसवी सन ९१४ चा आरंभ. मी संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवले. शब्दांकांची ही रीत मी किती वर्गांना फळ्यावर समजावली याची गणती नाही. पण समुद्र ओलांडून, विषुववृत्ताच्या पलीकडे, समुद्राच्या काठी तीच रीत दगडात कोरलेली पाहिली तेव्हा माझा आवाज फुटेना. मंदिराची देखभाल करणारे एक वृद्ध गृहस्थ शेजारी उभे होते. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची येत नव्हती. मी बोटांवर पाच दाखवले आणि 'शर' म्हणाले. त्यांनी मान हलवली. मी तीन दाखवले. मी 'वह्नि' म्हणण्याआधीच त्यांनी 'अग्नी' म्हटले, 'अग्नी, गेनी', आणि हाताने ज्वाळा केली. 'गेनी' हा बालीतला विस्तवासाठीचा शब्द आहे. आठपर्यंत आम्ही दोघे मिळून पोहोचलो.

शकाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगते, कारण शांततेचा खरा अर्थ मला तिथे कळला. बालीत शककाल आजही चालू आहे आणि त्यांचा वर्षारंभ न्येपी या दिवशी असतो. आपला पाडवा आणि त्यांची न्येपी प्रत्येक वर्षी एकत्र येत नाहीत, कारण अधिकमासाची मांडणी वेगळी पडते. पण २०२३ मध्ये २२ मार्चला दोन्ही एकाच दिवशी आले, आणि वर्षही तेच: शके १९४५. मी तेव्हा दुसऱ्यांदा सानूरला होते. आदल्या संध्याकाळी रस्त्यांवर ओगोह-ओगोह निघाले, म्हणजे कागदाचे आणि बांबूचे अक्राळविक्राळ राक्षस, खांद्यावर घेतलेले, पुढे झांजा आणि ढोल. कान किटावेत असा गजर. सकाळ झाली आणि सगळे थांबले. त्या दिवशी चार गोष्टी वर्ज्य असतात: अग्नी, काम, प्रवास आणि करमणूक. विमानतळ चोवीस तास बंद राहतो. रस्त्यावर फक्त पेचालांग, म्हणजे गावाचे स्वयंसेवक रखवालदार, चौकटीचे काळे-पांढरे वस्त्र नेसून फिरतात. मी उतरले होते त्या घरच्या मालकीणबाईंनी खिडकीला जाड कापड लावून दिले होते. रात्री अंगणात आले. एकही दिवा नव्हता, ढग फाटले होते आणि आकाश इतके भरलेले होते, की मी दाराच्या चौकटीला हात धरून उभी राहिले. आवाज एकच होता, दूर प्रवाळावर फुटणाऱ्या लाटेचा. त्या रात्री कुताही असेच असते. वर्षातली एक रात्र दोन्ही किनारे सारखे होतात. फरक हा की सानूरने त्या रात्रीतले थोडेसे उरलेल्या वर्षासाठी शिल्लक ठेवले आहे.

हे ऐकून कोणी म्हणेल की हा सगळा स्वभाव आणि श्रद्धेचा भाग झाला. म्हणून त्याच प्रवाळाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण या पट्टीने गावाला शांत पाणी दिले तसे युद्धही दिले.

मे १९०४ मध्ये 'श्री कुमाला' नावाचे एक व्यापारी जहाज सानूरच्या प्रवाळावर आदळले. मालक चिनी व्यापारी, जहाजावर झेंडा डच वसाहतीचा. जुन्या बाली राज्यांत 'तावान कारांग' असा एक हक्क होता. कारांग म्हणजे प्रवाळ. प्रवाळावर फुटलेले जहाज त्या किनाऱ्याच्या राजाचे आणि प्रजेचे. समुद्र जे देतो ते घ्यावे, असे त्यामागचे समजणे. डचांनी करार करून हा हक्क फार पूर्वीच मोडीत काढला होता. मालकाने तक्रार केली की गावकऱ्यांनी जहाज लुटले. बडुंगच्या राजाने आरोप नाकारला आणि भरपाई द्यायलाही नकार दिला. डचांना दक्षिण बालीत शिरण्यासाठी निमित्त हवेच होते. त्यांनी आधी बंदराची नाकेबंदी केली, आणि सप्टेंबर १९०६ मध्ये त्यांचे सैन्य उतरले ते याच सानूरच्या वाळूवर. तिथून ते देनपसारकडे चालत गेले. २० सप्टेंबरला राजा शुभ्र वस्त्रे नेसून, दागिने घालून, राण्या, मुले, पुरोहित आणि परिवारासह राजवाड्याबाहेर आला, आणि ती सगळी मिरवणूक बंदुकांच्या तोंडी चालत गेली. त्याला पुपुतान म्हणतात. पुपुत म्हणजे संपणे, पूर्ण होणे. शेकडो माणसे त्या सकाळी गेली. देनपसारच्या मध्यावर आज त्या नावाचे मोठे मैदान आहे आणि तिथे मुले फुटबॉल खेळतात.

पुढे फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्यही सानूरलाच उतरले. जपान हरल्यावर १९४६ मध्ये डच परत आले तेही इथेच. चाळीस वर्षांत तीन वेळा परके सैन्य ज्या किनाऱ्याने पाहिले, त्या गावाला घोरणारे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच माझी विनंती आहे.

१९०६ आणि १९४२ यांच्या मधल्या काळात सानूरला एक वेगळा पाहुणा आला. आद्रियाँ-ज्याँ ल मेयर हे बेल्जियन चित्रकार १९३२ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, बालीत आले. सानूरच्या वाळूवर त्यांनी घर बांधले आणि नी पोल्लोक या लेगोंग, म्हणजे बालीतील एक पारंपरिक नृत्य, करणाऱ्या नर्तकीशी लग्न केले. तिची त्यांनी किती चित्रे काढली! जपानी अंमलात कॅनव्हास मिळेना तेव्हा त्यांनी गोणपाटासारख्या विणीच्या खरखरीत कापडावर रंग लावला, आणि त्या चित्रांत रंगामागून कापडाचे धागे डोकावतात. १९५८ मध्ये ते गेले. पोल्लोक १९८५ पर्यंत त्याच घरात राहिल्या आणि घर आता सरकारी संग्रहालय आहे. खिडक्यांच्या कोरीव झडपांमधून समुद्राचे खारे वारे थेट चित्रांवर येते. संग्रहालयाच्या दृष्टीने ते वाईटच. पण मला ते घर तसे उघडेच आवडले.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे की बारा मिनिटे उरली आहेत, आणि पत्रिकेवरचे वचन तर अजून तसेच आहे. तेव्हा आता सरळ मुद्द्यावर येते.

ल मेयर यांच्या त्या घराच्या अगदी शेजारी, इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकर्णो यांच्या काळात, जपानने दिलेल्या युद्धभरपाईच्या पैशातून एक दहा मजली हॉटेल उभे राहिले. काम १९६३ मध्ये सुरू झाले, १९६६ मध्ये हॉटेल उघडले. नाव बाली बीच हॉटेल. लिफ्ट, काँक्रीट, वातानुकूलन. बालीने असे काही तोवर पाहिले नव्हते. राष्ट्राला आधुनिक दिसायचे होते. त्याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला १९६२ मध्ये चार बंगल्यांचे एक छोटेसे अतिथिगृह सुरू झाले होते, तान्जुंग सारी, गवताच्या छपराचे आणि मंदिराच्या अंगणासारख्या मांडणीचे. एकाच वाळूवर दोन भविष्ये शेजारी उभी राहिली. लोकांनी दोन्ही पाहिली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बालीत नियम झाला की इमारत १५ मीटरपेक्षा, म्हणजे नारळाच्या झाडापेक्षा, उंच नसावी. नियम साऱ्या बेटासाठी होता, पण तो सुचला सानूरकडे पाहून. ते दहा मजले आजही नारळांच्या वर एकटे दिसतात. १९९३ मध्ये त्या हॉटेलला मोठी आग लागली, ते पुन्हा बांधले गेले, पण त्याच्या उंचीला जोडीदार मिळाला नाही.

माझ्या मते हा नियम केवळ उंचीचा नाही, तो संख्येचा आहे. पंधरा मीटरमध्ये फार तर चार मजले बसतात. जमीन तेवढीच, मजले चार, म्हणजे खोल्या मोजक्या, म्हणजे माणसे, गाड्या आणि सांडपाणीही मोजके. कुतालाही तोच नियम लागू आहे, हे तुम्ही विचारण्याआधी मीच सांगते. मग फरक का पडला? कारण तिथे विमानतळ शेजारी होता, लाटा होत्या, स्वस्तात राहणारे तरुण प्रवासी १९७० च्या दशकात घराघरांतून उतरले, आणि गाव उंच न वाढता आडवे वाढत गेले, गल्लीत गल्ली. सानूरला आडवे वाढायला तेवढी मोकळीक मिळाली नाही. पूर्वेला समुद्र, पश्चिमेला ङुराह राय बायपास, ज्यावरून लांबची वाहतूक गावात न शिरता बाहेरूनच निघून जाते, आणि मध्ये तांब्लिंगान हा गावाचा एकच मोठा रस्ता, किनाऱ्याला समांतर. याशिवाय १९७१ च्या आराखड्यात मोठमोठी हॉटेले दक्षिणेच्या नुसा दुआच्या कोरड्या जमिनीवर एकत्र बसवण्याचे ठरले. म्हणजे ज्यांना भव्यता हवी होती ते नुसा दुआला गेले, ज्यांना गर्दी हवी होती ते कुताला, आणि सानूर मधल्या मधे वाचले.

वाचले म्हणताना किंमतही सांगायला हवी. जुनी सानूरची मंदिरे प्रवाळाच्या दगडाची आहेत. सेगारा मंदिर पाहा. शतकानुशतके थोडा थोडा दगड काढला तोवर पट्टीला फरक पडला नाही. हॉटेलांसाठी चुना आणि दगड काढू लागले तेव्हा पट्टी खचली, लाट आत येऊ लागली आणि वाळू वाहून गेली. पुढे प्रवाळ काढण्यावर बंदी आली, आणि २००० नंतर जपानच्या कर्जातून किनाऱ्यावर वाळू भरावी लागली, दगडी बांध घालावे लागले. आज ज्या बांधांच्या टोकांवर छोटे मंडप आहेत आणि सूर्योदयाला लोक बसतात, ते बांध म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती आहे. निसर्गाने फुकट दिले होते ते पैसे मोजून परत आणले, आणि तेही पूर्ण नाही.

आता चालू काळाबद्दल, अगदी थोडक्यात. नुसा पेनिदा आणि लेंबोंगान बेटांना जाणाऱ्या होड्यांत बसायला पूर्वी प्रवासी चपला हातात घेऊन, सामान डोक्यावर घेऊन पाण्यातून चालत जात. २०२२ मध्ये नवे बंदर झाले आणि ती ओढाताण संपली. बेटावरच्या आजारी माणसाला ओल्या कपड्यांनिशी देनपसारच्या रुग्णालयात पोहोचावे लागत नाही, हे फार मोठे काम झाले आणि त्याला माझा विरोध नाही. पण सकाळच्या वेळी उत्तर सानूरमध्ये आता बसगाड्यांची रांग लागते. त्याच वर्षी जुन्या हॉटेलाच्या परिसरात आरोग्यसेवेसाठी विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झाले. रुग्णालये, उपचारांसाठी येणारे पाहुणे, त्यांच्यासाठी निवास. शांतता ही आता विक्रीची वस्तू झाली आहे. बरे होण्यासाठी शांत गाव, अशी तिची जाहिरात होते. ज्या यादीत सानूर नव्हते त्या यादीत ते आता येईल. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो मला होत नाही, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

तीन मिनिटे उरली आहेत, म्हणून शेवटचे कारण आणि मग प्रश्न. मी उतरले होते ते घर एका कुटुंबाचे होते. अंगण, चार खोल्या पाहुण्यांसाठी, सगळे तळमजल्यावर. शेजारी तीन मजले चढले होते आणि त्यांची आवकही तशीच दिसत होती. मी मालकीणबाईंना विचारले की नियम परवानगी देतो, तर तुम्ही वर का बांधत नाही? त्यांनी मला अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यात नेले. तिथे त्यांचे कुलदैवत, गवताच्या छपरांची लहान लहान देवळे, कठड्याच्या आत. त्यांनी आपला तळहात देवळाच्या शेंड्याएवढा उंच धरला, मग त्याच्यावर दुसरा हात आडवा धरला, झोपलेल्या माणसासारखा, आणि त्या हाताची बोटे, म्हणजे पाहुण्याचे पाय, देवळाच्या बाजूला वळवली. मग दोन्ही हात खाली घेतले आणि मला चहा विचारला.